ऐकू येते, पण बोलता येत नाही : बोटीवरील वायरलेस सेटची वीजजोडणी

मुरुड, हर्णै, दाभोळ, जयगडपासून रत्नागिरीच्या मिरकरवाड्यापर्यंत मच्छिमारी नौकांवर व्हीएचएफ वायरलेस सेट आता सर्रास दिसतो. तो बसवून देणारे कारागीरही बंदरोबंदर आहेत. त्यांत आपल्या समाजाचे बरेच आहेत. कोणी आखातातील गोदीत काम शिकून परतलेले, कोणी लॉरीची वायरिंग करता करता बोटीच्या कामाकडे वळलेले. या कारागिरांपुढे एक तक्रार पुन्हा पुन्हा येते. सेट चालू होतो, दिवा लागतो, दुसऱ्या नौकांचे बोलणे स्वच्छ ऐकू येते; पण आपण बटण दाबून बोललो की पलीकडे कोणाला काही कळत नाही. कधी कधी तर बटण दाबताच सेट विझतो आणि सोडताच पुन्हा पेटतो. मालक सेटला शिव्या देतो, दुकानदार अँटेनाकडे बोट दाखवतो. आमचे म्हणणे असे की, सेट उघडण्याआधी त्याच्या पाठीमागच्या दोन तारा पाहाव्यात. दोष बहुधा तिथे सापडतो.

असे का होते ते समजून घेतले तर निम्मे काम झाले. सेट नुसता ऐकत असतो तेव्हा तो अर्ध्या अँपिअरच्या आतबाहेर करंट घेतो. बोलण्याचे बटण दाबले आणि सेट २५ वॅटच्या पूर्ण ताकदीवर असला की तोच करंट एकदम पाच ते सहा अँपिअरवर जातो, म्हणजे दहापटीहून अधिक. ऐकण्यापुरती वीज कसल्याही तारेतून येते. बोलण्याची वीज मात्र बारीक तारेत अडते आणि सेटपर्यंत पोचेतो व्होल्टेज गळते. आता ही गळती ऐकताना दिसतच नाही. म्हणून सेट बसवून झाल्यावर कारागिराने तो लावून दाखवला, समोरच्या बोटीचा आवाज आला, मालक खूश झाला, पैसे चुकते झाले; आणि दोष तसाच समुद्रावर गेला.

दोष सेटचा की विजेचा, हे ओळखण्याची एक सोपी खूण आहे. या सेटला दोन ताकदी असतात, २५ वॅट आणि १ वॅट. एक वॅटवर बोलताना करंट दीड अँपिअरच्या आसपासच लागतो. जवळ उभ्या असलेल्या बोटीशी एक वॅटवर नीट बोलणे होते आणि २५ वॅटवर टाकताच आवाज फाटतो किंवा सेट विझतो, असे असेल तर सेट दुरुस्तीला पाठवू नये. आधी वीज तपासावी.

आता हिशेब करू. हा हिशेब प्रत्येक कारागिराने एकदा तरी कागदावर मांडावा. समजा, बॅटरी इंजिनाच्या खणात आहे आणि सेट केबिनमध्ये. तारेच्या वाटेने अंतर सहा मीटर. वीज जाते आणि परतही येते, म्हणून तार बारा मीटर धरायची. पुष्कळ कारागीर इथेच चुकतात आणि एकेरी अंतर धरतात. घरातल्या टेबलफॅनला वापरतात तसली पाऊण स्क्वेअरची तार घातली तर बारा मीटरला सुमारे ०.३१ ओहम रोध येतो. साडेपाच अँपिअर करंट गेला की १.७ व्होल्ट वाटेतच संपले. इंजिन बंद आहे, बॅटरी अर्धी उतरून १२.२ व्होल्टवर आहे, तर सेटला साडेदहा व्होल्टच मिळाले. हे सेट १३.८ व्होल्टसाठी बनवलेले असतात आणि पुष्कळांची खालची मर्यादा त्याहून १५ टक्के कमी, म्हणजे ११.७ व्होल्टच्या जवळ असते. साडेदहावर त्याने बोलावे तरी कसे?

तीच तार अडीच स्क्वेअरची घेतली तर गळती अर्ध्या व्होल्टवर येते. चार स्क्वेअरची घेतली तर ०.३३ व्होल्ट. वायरलेससारख्या जीवरक्षक उपकरणाला गळती तीन टक्क्यांच्या आत, म्हणजे १२ व्होल्टला ०.३६ व्होल्टच्या आत असावी, असा बोटीच्या वायरिंगचा सर्वसाधारण दंडक आहे. म्हणून सहा मीटर अंतराला चार स्क्वेअर, आणि अंतर नऊ-दहा मीटरवर गेले तर सहा स्क्वेअर, हे लक्षात ठेवायला सोपे. सेटसोबत जी हातभर तार येते तिच्या जाडीवर जाऊ नये. ती त्या हातभर अंतरापुरतीच दिलेली असते. तिला पुढे तेवढ्याच जाडीची तार जोडत नेणे, ही नेहमीची चूक.

तार कोणती, याबद्दलही दोन शब्द. एकेरी जाड तांब्याची घरगुती तार बोटीवर चालत नाही. इंजिनाच्या थरथरीने ती काही दिवसांत आतून तुटते आणि बाहेरून शाबूत दिसते. बारीक धाग्यांची लवचीक तार हवी, आणि ते धागे कथिलाचा मुलामा दिलेले असतील तर फारच चांगले, कारण खाऱ्या हवेने साधे तांबे हिरवे पडते आणि तो हिरवा थर इन्सुलेशनच्या आत हातभर चढत जातो. मात्र बाजारात सध्या एक फसवी तार पुष्कळ आहे. वर तांब्याचा पातळ मुलामा आणि आत अ‍ॅल्युमिनियम. तिचा रोध खऱ्या तांब्याच्या दीडपटीहून जास्त, आणि खारे पाणी लागले की ती भुसभुशीत होते. ओळखायची कशी? एक धागा सुरीने खरवडावा. कथिलाची तार बाहेर पांढरी, आत लाल निघते. फसवी तार बाहेर लाल, आत पांढरी निघते. मालातला ऐब ग्राहकाला दाखवल्याशिवाय माल विकू नये, ही शिकवण आपल्याकडे लहानपणापासून कानावर पडते. वजनकाट्यावर मापात मारणाऱ्याला आपण बेइमान म्हणतो. मग चार स्क्वेअरच्या जागी दीड स्क्वेअर घालून वर पट्टी गुंडाळणारा कोण?

यापेक्षा मोठी गफलत २४ व्होल्टच्या बोटींवर होते. लहान बोटींवर १२ व्होल्टची वीज असते, तिथे प्रश्न नाही. पण मोठ्या ट्रॉलरवर लॉरीच्या जातीचे सहा सिलिंडरचे इंजिन असते, त्याचा स्टार्टर २४ व्होल्टचा, आणि त्यासाठी १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकीला एक जोडून मालिकेत ठेवलेल्या असतात. सेट मात्र १२ व्होल्टचा. चोवीसवर थेट लावला तर सेट जळणार, हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून कारागीर काय करतो, तर दोनपैकी एकाच बॅटरीवरून दोन तारा काढतो. सेट छान चालतो. मालकाचा खर्च वाचतो. दोघेही समाधानी.

पण त्या बॅटऱ्यांचे काय होते ते पाहा. इंजिन चालू झाल्यावर अल्टरनेटर दोन्ही बॅटऱ्यांना एकाच वाटेने, सारखाच करंट देतो. त्याला दोघींचे मिळून २८ व्होल्ट एवढेच कळते. कोणती बॅटरी उपाशी आहे आणि कोणती भरलेली, हे त्याला कळत नाही. एकाच जुवाला जुंपलेल्या दोन बैलांपैकी एकाकडून रात्री वेगळे काम करून घ्यावे आणि सकाळी दोघांना सारखीच वैरण घालावी, तसा हा प्रकार. जिच्यावर सेट आहे ती बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही; तिच्या प्लेटांवर पांढरा थर धरतो आणि ती कायमची अशक्त होते. दुसरी गरजेपेक्षा जास्त भरत राहते, तिचे पाणी उकळून जाते. पुढे दोन्ही मरतात. मालक म्हणतो बॅटरीची कंपनी खराब. त्यात सेटच्या जोडीला जीपीएस, मासे शोधण्याचे यंत्र, मोबाईलचा चार्जर हेही त्याच बॅटरीवर चढवलेले असतात, तेव्हा हे मरण आणखी लवकर येते. वाचलेला खर्च दोन बॅटऱ्यांच्या रूपाने भरून द्यावा लागतो.

त्यातही वरची बॅटरी वापरली तर धोका निराळाच. वरच्या बॅटरीचे निगेटिव्ह टोक म्हणजे इंजिनाच्या बॉडीच्या मानाने १२ व्होल्ट पॉझिटिव्ह. बहुतेक सेटची बॉडी आणि अँटेना केबलची बाहेरची जाळी आतून निगेटिव्हलाच जोडलेली असते. ती जाळी कुठे लोखंडी डोलाला, विंचला किंवा इंजिनाशी जोडलेल्या धातूला टेकली की पूर्ण बॅटरीचा शॉर्ट त्या केबलमधून जातो. केबल वितळते, आणि लाकडी केबिनमध्ये आग लागायला एवढे पुरे आहे.

यावर खरा उपाय एकच, २४ वरून १२ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर. सेट सहा अँपिअर घेतो, म्हणून कन्व्हर्टर सतत दहा अँपिअर देणारा घ्यावा. डब्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा पुष्कळदा क्षणभराचा असतो. सततचा आकडा बारीक अक्षरांत शोधावा लागतो. आणि तो कुठे बसवायचा, यात एक फायद्याची गोष्ट दडलेली आहे. कन्व्हर्टर बॅटरीजवळ न ठेवता केबिनमध्ये सेटच्या शेजारी ठेवावा. चोवीस व्होल्टवर तेवढ्याच कामाला करंट कमी लागतो, साडेपाचच्या जागी साडेतीनच्या आसपास. शिवाय वाटेत पाव-अर्धा व्होल्ट गळला तरी कन्व्हर्टरला फरक पडत नाही. तो पुढे ठरलेले व्होल्टेज देतोच. त्यामुळे सहा मीटरच्या वाटेला अडीच स्क्वेअरची तार पुरते. तांब्याचा जो खर्च वाचतो तो कन्व्हर्टरच्या किमतीत धरता येतो, आणि मालकाला हे समजावून सांगणे सोपे जाते. कन्व्हर्टरचा स्विच चोवीसच्या बाजूला ठेवावा, नाहीतर बोट बंदरात उभी असताना तो गुपचूप बॅटरी पीत राहतो.

काही ठिकाणी इन्व्हर्टरवर २३० व्होल्ट करून, त्याला दुकानातला बॅटरी एलिमिनेटर लावून पुन्हा १२ व्होल्ट करतात. हा द्राविडी प्राणायाम करू नये. वीज दोनदा वाया जाते, आवाजात गुणगुण येते आणि ओल्या केबिनमध्ये २३० व्होल्ट खेळवण्याची जोखीम वर.

फ्यूजबद्दल एक समज घट्ट बसलेला आहे की फ्यूज सेट वाचवतो. खरे तर बॅटरीजवळचा फ्यूज तार वाचवतो. म्हणून तो केबिनमध्ये सेटजवळ असून भागत नाही. बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकापासून वीतभर अंतरात हवा. मध्ये तार कुठे घासली, कातडे निघाले आणि शॉर्ट झाला, तर त्या तारेच्या वाटेवर फ्यूज आधी आलेला असला पाहिजे. मात्र बॅटरीच्या बंद पेटीच्या आत तो ठेवू नये, कारण भरताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि ठिणगी त्याला नको असते. सेटच्या माहितीपत्रात जेवढा सांगितला तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज घालावा. सिगारेटची चांदी किंवा तारेचे धागे गुंडाळून फ्यूज चालवणारे अजून आहेत. त्यांच्याविषयी काय बोलावे! निगेटिव्ह तारही इंजिनाच्या बोल्टवरून न घेता थेट बॅटरीच्या टोकावरून आणावी. इंजिनाची बॉडी गंजते, रंगते, सैल होते, आणि स्टार्टरचा सगळा करंट त्याच वाटेने जात असतो.

स्टार्टरचा विषय निघाला म्हणून सांगतो. इंजिन सुरू करताना स्टार्टर इतका करंट ओढतो की क्षणभर बॅटरी नऊ-दहा व्होल्टवर येते आणि सेट विझून पुन्हा पेटतो. हे एरवी त्रासदायक, पण जिवावरचे नाही. जिवावरचे वेगळेच आहे. बॅटऱ्या इंजिनाच्या खणात, म्हणजे बोटीच्या सर्वात खालच्या जागी असतात. बोटीत पाणी भरू लागले की आधी बुडतात त्या बॅटऱ्या. म्हणजे ज्या घटकेला वायरलेसची गरज, त्याच घटकेला त्याची वीज जाते. मोठ्या व्यापारी जहाजांना म्हणूनच आंतरराष्ट्रीय नियमाने रेडिओसाठी वेगळी राखीव वीज ठेवावी लागते. आपल्या मच्छिमारी बोटींना तो नियम लागू नाही, पण त्यातले शहाणपण घ्यायला कोणी अडवलेले नाही. केबिनमध्ये, शक्य तितक्या उंचावर, सेटसाठी १२ व्होल्टची एक स्वतंत्र बॅटरी नीट बांधून ठेवावी आणि इंजिन चालू असताना ती २४ वरून १२ व्होल्टवर भरणाऱ्या चार्जरने भरत राहावी. ७५ अँपिअर-तासाची बॅटरी निम्मी वापरली तरी ऐकण्यावर तीन दिवस निघतात आणि मधून मधून बोलणेही होते. अशी बॅटरी असली की चोवीसचा प्रश्नही आपोआप सुटतो आणि स्टार्टरचा झटकाही सेटला लागत नाही. ज्या मालकाची ऐपत आहे त्याला आम्ही हाच सल्ला देऊ.

१७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट वादळी लाटांत उलटून सहाशेहून अधिक माणसे गेली. त्या बोटीवर वायरलेस नव्हता. मुंबई एवढ्या जवळ असून शहराला तासन्‌तास पत्ता लागला नाही. कोकणातल्या जुन्या माणसांच्या तोंडी ही गोष्ट अजून आहे. आज वायरलेस आहे. पण चॅनेल १६ वर हाक द्यायच्या वेळी तो विझणार असेल, तर खलाशांच्या दृष्टीने तो असून नसून सारखाच.

कन्व्हर्टरचा एक दोषही सांगितला पाहिजे. स्वस्त कन्व्हर्टर रेडिओत खरखर सोडतात. ती थांबवायला नाखवा स्क्वेल्चची घुंडी पिळतो, आणि खरखरीबरोबर दूरच्या बोटीची क्षीण हाकही दाबली जाते. हाच त्रास डेकवरच्या आणि केबिनमधल्या एलईडी दिव्यांचाही होतो. अमेरिकन तटरक्षक दलाने ऑगस्ट २०१८ मध्ये याविषयी जाहीर इशारा दिला होता. (एलईडीच्या झोतावर मासे जमवण्याची मासेमारी केंद्र सरकारने २०१७ मध्येच बंद केली, ती बाब निराळी.) परीक्षा सोपी आहे. दिवे आणि इतर यंत्रे बंद ठेवून शांत चॅनेलवर खरखर नुकती थांबेल एवढीच स्क्वेल्च लावावी. मग एकेक दिवा, एकेक यंत्र चालू करावे. ज्याच्या चालू होण्याने खरखर परत येते, तो गुन्हेगार. कन्व्हर्टर तपासायचा तर सेट थोडा वेळ थेट १२ व्होल्टच्या सुट्या बॅटरीवर चालवून पाहावा.

काम पूर्ण झाल्यावरची तपासणी अशी. इंजिन बंद करावे. अँटेना जोडलेली आहे याची खात्री करावी, कारण अँटेनाशिवाय बटण दाबले तर सेटचा शेवटचा भाग जळू शकतो. मल्टिमीटर सेटच्या मागच्या जोडावर लावावा. मदतनिसाला २५ वॅटवर, कामकाजाच्या रिकाम्या चॅनेलवर बटण दाबायला सांगावे. १६ वर ही परीक्षा करू नये, आणि लाल रंगाचे संकटाचे बटण तर चुकूनही दाबू नये. दाबलेले असताना सेटपाशी किती व्होल्ट आणि त्याच वेळी बॅटरीपाशी किती, हे दोन्ही लिहून घ्यावे. फरक ०.३६ च्या आत असेल तर जोडणी पास. (कन्व्हर्टर असेल तर सेटपाशी १२ व्होल्टच्या वर, न डगमगणारा आकडा हवा.) फरक जास्त आला तर पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह तारेचा वेगवेगळा मोजावा, चोर बहुधा एखाद्या थिंबलमध्ये, फ्यूज होल्डरमध्ये किंवा पिळून पट्टी मारलेल्या जोडात सापडतो. थिंबल पकडीने चेपलेले नसावे, त्याच्यासाठीच्या क्रिम्पिंग हत्याराने दाबलेले असावे. त्यावर गोंद असलेली स्लीव्ह गरम करून चढवली की खारी हवा आत जात नाही.

धंद्याच्या बाजूने पाहिले तर या कामाला पुढे मागणी राहणार. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघर येथून एक लाख मच्छिमारी नौकांवर ट्रान्सपॉन्डर बसवण्याची योजना जाहीर झाली. म्हणजे त्याच बॅटरीवर आणखी एक यंत्र आले. जून-जुलैच्या पावसाळी बंदीत बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, तेव्हाच हे काम निवांत होते; हंगाम सुरू झाल्यावर नाखवा तासाभरात उरकायला सांगतो आणि मग पट्टी मारलेले जोड जन्माला येतात. कारागिराने मजुरी आणि माल वेगळे लिहून अंदाजपत्रक द्यावे. तारेची जाडी आणि लांबी त्यात आकड्यांनी लिहावी. मालक तारेवर घासाघीस करतो, तेव्हा त्याला डिझेलच्या एका पिंपाची किंमत आठवून द्यावी; बारा मीटर चांगली तार त्यापुढे चिल्लर आहे. मालकानेही सेटच्या पावतीबरोबर वायरलेसच्या परवान्याचे कागद पाहून घ्यावेत, आणि डीएससी सेट असेल तर त्यात बोटीचा नऊ आकडी क्रमांक भरलेला आहे का, जीपीएसची तार जोडलेली आहे का, हे विचारावे. क्रमांक भरलेला नसेल तर संकटाच्या बटणाने डीएससी हाक जातच नाही; जीपीएस जोडलेला नसेल तर हाक जाते, पण बोट कुठे आहे हे कळत नाही.

तपासणीचे दोन्ही आकडे, तारीख, तारेची जाडी आणि फ्यूजचे अँपिअर एका कागदावर लिहून तो प्लॅस्टिकमध्ये घालून केबिनच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवावा. पहिल्या फेरीहून बोट परतली की इंजिनाच्या थरथरीने सैल झालेले बॅटरीचे बोल्ट पुन्हा आवळावेत आणि तेच दोन आकडे परत घेऊन त्याच कागदावर खाली लिहावेत.